साउंडबारच्या जोडीला दोन स्पीकर घ्यावेत का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. टीव्हीखाली सोनोसचा आर्क साउंडबार, मागे त्याच कंपनीचे दोन वायरलेस स्पीकर, कोपऱ्यात सबवूफर (खर्जाचा आवाज देणारा स्पीकर), आणि या सगळ्याचे सात हप्ते अजून बाकी. टीव्ही मोठा घेतला, पण आवाज मधल्या मीटरभर जागेतच अडकल्यासारखा वाटतो. म्हणून आणखी दोन वायरलेस स्पीकर घेऊन पुढे डाव्या-उजव्या बाजूला ठेवायचे, असं तुमच्या मनात आहे. खर्च तीन महिन्यांच्या बचतीएवढा. तो अडीअडचणीच्या पैशातून आत्ता काढायचा आणि नंतर भरून टाकायचा. "चालेल ना?" असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. एक तर पैसे चुकीच्या ठिकाणाहून निघतायत. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्हाला हवंय ते या दोन स्पीकरमधून मिळणारच नाही.

तुमची तक्रार अगदी खरी आहे. आर्कची लांबी ११४ सेंटिमीटर. तुम्ही ३ मीटरवर बसता. तिथून बारची टोकं मधल्या रेषेपासून जेमतेम ११ अंशांवर येतात. पुढचे डावे-उजवे स्पीकर साधारण २२ ते ३० अंशांवर असावेत असा नियम आहे; तुमच्या अंतराला त्या दोघांमध्ये किमान २.४ मीटर जागा हवी. बार भिंतींवरून आवाज परतवून ही कसर भरून काढू बघतो, पण खोलीची एक बाजू उघडी असेल तर तिकडून परत काय येणार?

अडचण पुढेच आहे. हा बार स्वतःच डावी, मधली आणि उजवी बाजू सांभाळतो. त्याला मागचे स्पीकर आणि सबवूफर जोडता येतात. पुढचे वेगळे स्पीकर जोडायची सोयच नाही. नवे दोन स्पीकर फार तर 'दुसरी खोली' म्हणून गटात घेता येतील, म्हणजे बारबरोबर एकत्र वाजवता येतील. मग टीव्हीचा आवाज त्यांच्यातून किंचित उशिरा येतो. बारमधून शब्द निघाला, की पाठोपाठ बाजूने त्याचीच सावली ऐकू येते. संगीताला हे दोन स्पीकर छान वाजतील, पण सिनेमाला तुम्हीच ते आठवड्याभरात गटातून काढून टाकाल.

खरे रस्ते दोनच. पहिला, सोनोसचाच अँप, म्हणजे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर घ्यायचा, तो टीव्हीला एचडीएमआयने जोडायचा आणि त्याला तारेचे दोन साधे स्पीकर लावायचे. मागचे स्पीकर आणि सबवूफर तसेच वापरता येतात. बार मात्र जातो, आणि त्याच्याबरोबर मधला स्पीकरही. मधोमध बसलेल्याला संवाद पडद्यातून आल्यासारखे वाटतील. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला ते जवळच्या स्पीकरकडे ओढल्यासारखे वाटतील. घरात सिनेमा एकत्र बघत असाल तर याचा विचार आधी करा. दुसरा रस्ता एव्ही रिसीव्हरचा, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन पुढचे-मागचे सगळे स्पीकर चालवणाऱ्या एका डब्याचा. ऐकायला तो सगळ्यात चांगला, पण तुमचे मागचे वायरलेस स्पीकर आणि सबवूफर त्याला जोडता येत नाहीत. म्हणजे ज्या वस्तूंचे हप्ते अजून फिटलेले नाहीत, त्याच बाजूला ठेवून सगळं नव्याने घ्यायचं. हा खर्च दुकानातल्या पाटीवर दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता पैशाचं. तुम्ही पगाराचा चौथा हिस्सा शिल्लक टाकता आणि बाकीच्या तीन हिश्शांत घर चालवता. म्हणजे तीन महिन्यांची बचत बरोबर एका महिन्याच्या घरखर्चाएवढी. तुमच्याकडे चार महिन्यांची तजवीज आहे, ती तीनवर येईल. तीही हप्ते चालू असताना. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर हा एक महिना फार मोठा असतो. या पैशाला हात लावू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन. "नंतर भरू" म्हणताना पुढचे तीन महिने दुसरी कुठलीच बचत होणार नाही, हेही धरावं लागतं.

तुमचा हप्ता महिन्याच्या बचतीच्या निम्मा आहे. सात महिन्यांनी तो संपला की तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात वळवा. हातात पैसे नसण्याची सवय झालेलीच आहे. सहा महिन्यांत तुमचा आजचा आकडा जमेल. बार नीट ठेवलात, खोकं आणि पावती जपलीत, तर तो विकून आणखी भर पडेल. तेव्हा मी अँपच्या बाजूने कौल देईन. साध्या तारेच्या स्पीकरमध्ये अपडेट लागेल असं काही नसतं. अँप उद्या बदलला तरी स्पीकर तेच राहतात. तीन महिन्यांची बचत घालायचीच तर टिकणाऱ्या वस्तूत घालावी.

त्याआधी या रविवारी एक करून बघा. सोफा राहू दे, एक खुर्ची टीव्हीसमोर दीड मीटरवर ठेवा आणि आवडता सिनेमा वीस मिनिटं तिथे बसून ऐका. तिथून बारची टोकं सुमारे २१ अंशांवर येतात. रुंद आवाज कसा असतो याचा अंदाज फुकटात येईल. फरक ऐकून मन हललं, तर वेगळं खाते उघडा. फारसं काही वाटलं नाही, तर सोफाच हातभर पुढे ओढून बघा आणि कसं वाटलं ते मला कळवा.