जळगावजवळच्या शेडमध्ये 11 वर्षं उभी असलेली 1990ची काँटेसा क्लासिक (हिंदुस्तान मोटर्सची जुनी कार) घरीच दुरुस्त करून टर्बो लावता येईल का?

दुरुस्ती घरी होईल. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून ताकद वाढवणाऱ्या यंत्राचा) विचार मात्र सध्या बाजूला ठेवा. आपल्या खान्देशात जुनी गाडी तापून आणि गंजून संपते, म्हणून पैसा आधी ब्रेक, पत्रा आणि रेडिएटरमध्ये जाऊ द्या.

इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवून बघा. क्लासिकमध्ये इसुझूचं 1817 सीसी पेट्रोल इंजिन येतं. तेच इंजिन पुढे अँबेसेडर 1800 आयएसझेडमध्येही बसवलं गेलं, त्यामुळे रिंगा, बेअरिंग, हेड पॅकिंग मागताना अँबेसेडरचं नाव सांगा, दुकानदार लवकर ओळखतो. गाडीचं उत्पादन 2002 मध्ये थांबलं. काचा, बीडिंग, ग्रिल, दिव्यांच्या काचा मिळणं फार अवघड. डेंटरकडे गाडी जाण्याआधी ह्या वस्तू स्वतः उतरवून घरात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नवी बॅटरी लावून सेल्फ मारू नका. अकरा वर्षांत पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) धरलेल्या असू शकतात. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि किमान एक दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि हाताने हळू फिरवा. अडलं तर पान्याला पाइप लावून जोर करू नका, आणखी तेल घाला आणि दोन-चार दिवस थांबा. जोर केला की रिंग तुटते आणि बोअरला ओरखडा पडतो. नीट फिरलं तर इंजिनाखालच्या चेंबरचं जुनं ऑइल काढा, नवं ऑइल आणि फिल्टर टाका, प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने तपासा. कॉइलची वायर काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या. चारही आकड्यांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. एवढं कळलं की इंजिन पूर्ण उघडायचं की फक्त हेड, हे तुम्हीच ठरवू शकाल, मेकॅनिकच्या अंदाजावर जायची गरज नाही.

टाकीतलं पेट्रोल कुजून वार्निश झालेलं असतं, झाकण उघडताच थिनरसारखा वास येतो. टाकी खाली उतरवून साफ करा. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं ई20 पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते चालत नाही. पेट्रोलचे सगळे पाइप व्हिटॉनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) घ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि कार्ब्युरेटरचं किट ई20 चालणारं आहे ना ते विचारून घ्या. पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन ताबडतोब बंद करा.

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरचे रबर, तिन्ही लवचिक होज नवे घाला. लोखंडी पाइप गंजले असतील तर दुकानदार तांब्याचा पाइप सिंगल फ्लेअर करून (तोंड एकदाच पसरवून) देतो, तो घेऊ नका, दाबाखाली तोंडाशी चिरतो. स्टील किंवा क्युप्रो-निकेलचा पाइप डबल फ्लेअर करून (तोंड दुहेरी दुमडून) घ्या. रबर पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नका, फुगतात. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा, म्हणजे मागचं डावं. गाडीखाली शिरताना चारही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा. विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, वीट न सांगता फुटते.

पत्र्यासाठी कार्पेट आणि डांबरी शीट उपसा. फ्लोअर, दारांखालचे सिल, स्टेपनीचा खड्डा आणि बॅटरीचा ट्रे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तो भाग कापायचा. गंजावर पुट्टी फिरवली तर एका पावसाळ्यात फोड येतात. 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा मिग वेल्डिंगने टिपके-टिपके जोडा, सलग शिवण मारली तर पत्रा वाकतो. त्याआधी बॅटरी सोडा आणि पेट्रोलची टाकी बाहेर ठेवा. पुट्टी 2 मिमीपेक्षा जाड नको, खाली इपॉक्सी प्रायमर हवाच. फवारणी दिवाळीनंतर करा, पावसाळ्यातल्या दमट हवेत रंग पांढुरका पडतो. आणि चॅसिस नंबर! पेंटर त्यावर पुट्टी लावून मोकळा होतो. आधीच त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप काढून घ्या.

गारव्याकडे माझा सगळ्यात जास्त कटाक्ष आहे. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांना टेकतो आणि बोअरवेलच्या खारट पाण्याने रेडिएटरच्या नळ्या आतून चुन्याने भरतात. रेडिएटर उतरवून कोअर (आतली नळ्यांची जाळी) उघडून साफ करून घ्या, नळ्या गळत असतील तर नवा कोअर. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून तारेने ढोसा, आत गाळाचा थर बसलेला असतो. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. झाकण कंपनीने दिलेल्या दाबाचंच घ्या, जास्त दाबाचं बसवलं तर जुन्या पितळी टाकीचा सांधा फुटतो. ‘इकडे गरमी आहे’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकायचा सल्ला हमखास मिळेल, तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला तर हिवाळ्यात इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि बोअर लवकर झिजतात. पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवून तापवा आणि 82 अंशांच्या आसपास तो उघडतो का ते थर्मामीटरने बघा.

शेडमध्ये कापूस आणि धान्य असतं, म्हणजे उंदीर असणारच. डॅशबोर्डमागची वायरिंग हातभर-हातभर तपासा, टेपा लावून भागवू नका. हेडलाइटला रिले आणि 2.5 चौरस मिमीची वायर दिली की त्याच बल्बचा उजेड स्पष्ट वाढतो, कारण जुन्या स्विचमध्ये व्होल्टेज पडतं. डेल्कोत (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये) पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाला. इलेक्ट्रिक पंखा (रिले, फ्यूज आणि शराउड म्हणजे भोवतीच्या आवरणासह) आणि एसी लावणार असाल तर अल्टरनेटर 65 अँपिअरचा तरी हवा. जुना एसी आर12 वायूवर असेल तर आर134एसाठी ड्रायर, ओ-रिंग आणि कॉम्प्रेसरचं तेल बदलावं लागतं, कंडेन्सरही मोठा लागतो. तो रेडिएटरच्या पुढे बसून गरम हवा मागे ढकलतो, म्हणून रेडिएटर आधी.

सस्पेन्शनचे बुश बदलाल तेव्हा बोल्ट अखेरचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर पिळून महिन्याभरात फाटतं. पुढची कॉइल स्प्रिंग कंप्रेसरशिवाय सोडू नका. गिअर ऑइल घेताना गिअरबॉक्सला जीएल-4 दर्जाचं, मागच्या डिफरन्शियलला जीएल-5. गिअरबॉक्सला जीएल-5 घातलं तर पितळी सिंक्रोनायझर खराब होऊ शकतात.

टर्बोचं म्हणाल तर कार्ब्युरेटरच्या ह्या इंजिनात मिश्रण, पेट्रोलचा दाब आणि टायमिंग सगळंच नव्याने बसवावं लागतं. त्यात आपल्या उन्हात आत जाणारी हवाच तापलेली असते, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू झालं की पिस्टन फुटतो. शिवाय मूळ रचनेत किंवा इंजिनात बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी लागते. 15 वर्षांनंतरची नोंदणी 5-5 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तुमची बहुधा संपलेली आहे. व्हिंटेजची सवलत 50 वर्षांवरच्या गाडीला आहे, ह्या गाडीला नाही. त्यामुळे रंगावर खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन थकबाकी विचारून या.

सगळं झालं, कागद झाले, की आधी गावातल्या गावात 100 किमी चालवा, नट पुन्हा आवळा, ऑइल बदला. मग एखाद्या दुपारी चाळीसगावहून कन्नड घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढवा. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर बाजूला घ्या, बॉनेट उघडा, पण तासभर रेडिएटरचं झाकण उघडू नका. नंतर बघा: कूलंट कमी झालंय का, पंखा नीट हवा ओढतोय का, वरचा होज गरम आणि खालचा गारच आहे का. खालचा गार असेल तर पाणी फिरत नाहीये, आधी थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप तपासा, मग कोअर.