बंद पडायला आलेला छोटा स्की रिसॉर्ट पुन्हा कसा उभा राहतो?

कोल्हापूरकराला हे लगेच उमगेल, कारण सगळ्यात चांगलं उदाहरण सहकाराचंच आहे. अमेरिकेत व्हर्मॉन्टमधला 'मॅड रिव्हर ग्लेन' हा स्की रिसॉर्ट 1948 चा. 1995 मध्ये तिथल्या स्कीअरनीच शेअर विकत घेऊन, सहकारी संस्था काढून तो विकत घेतला. अगदी साखर कारखान्यासारखं: सभासद, संचालक मंडळ आणि काही महिन्यांचाच हंगाम.

पैसा आधी लिफ्टवर, म्हणजे स्कीअरना खुर्चीत बसवून डोंगरावर नेणाऱ्या रोपवेवर घाला. खुर्ची वायररोपला ज्या पकडीने धरलेली असते ती वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली, तर तिथल्या तारा झिजून तुटायला लागतात. म्हणून पकड ठरावीक काळाने थोडी पुढे सरकवायची आणि तिला बारीक तडे गेलेत का, ते चुंबकीय तपासणीने बघायचं. हे काम हंगाम संपल्यावरच, गळीत आटोपलं की कारखाना खोलतात तसं.

कृत्रिम बर्फात, म्हणजे तोफेसारख्या यंत्राने थंड हवेत पाणी फवारून केलेल्या बर्फात, बरेच जण फसतात, कारण ते नुसतं तापमान बघतात. 0 अंशाला हवा चांगली कोरडी असेल तर बर्फ होतो, उणे 1 ला दमट असेल तर पाणीच पडतं. एका हेक्टरवर 30 सेंमी थराला साधारण 10 ते 13 लाख लिटर पाणी लागतं, त्यामुळे तळं आधी, बर्फाच्या तोफा नंतर.