हात बसणे म्हणजे काय?

प्रश्न : मी ७१ वर्षांचा असून लहानपणापासून गोडाचा शौकीन आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या पैजा लावणाऱ्यांपैकी मी एक होतो. आयुष्यभर केवळ खाण्याचे काम केले. निवृत्तीनंतर मात्र स्वतः पदार्थ करून पाहण्याची हौस आली आहे. रव्याचे लाडू एकदा दगडासारखे झाले, पुढच्या वेळी वळलेच गेले नाहीत, आणि अनारसे तर तुपात सोडताच हसले. पत्नी ‘हात बसावा लागतो’ एवढेच म्हणते. हात बसतो म्हणजे नेमके काय होते? शिवाय मुलीच्या आग्रहाखातर साखरेऐवजी गूळ घातला, तर मनसोक्त खाता येईल काय?

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे खरे आहे, त्यात एका शब्दाची भर घालतो. हात बसतो तो पाण्यावर. पदार्थात किती पाणी उरले आहे, हे डोळ्यांना आणि बोटांना कळू लागले की हात बसला म्हणायचे.

पाकाचेच पाहा. साखर आणि पाणी उकळू लागले की पाण्याची वाफ होत जाते आणि उरलेला पाक दाट होतो. त्याचा थेंब किंचित निववून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरावा व बोटे हलकेच विलग करावीत. एक तार न तुटता ओढली गेली की रव्याच्या लाडवांना लागणारा एकतारी पाक झाला. आता नवशिक्याची हमखास होणारी चूक अशी, की तो तार पाहत असताना पातेले आचेवरच असते, आणि एकतारीचा पाक दोनतारी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तार पाहण्याआधी पातेले खाली उतरवावे. पाक कच्चा राहिला तर लाडू वळत नाहीत. अशा वेळी मिश्रण दोन-तीन तास झाकून मुरू द्यावे, मधूनमधून हलवावे, म्हणजे रवा पाणी शोषून घेतो. पाक पुढे गेला असेल, तर मिश्रण मोकळे करून कोमट दुधाचा हबका मारावा व लगेच वळावे. असे लाडू फार दिवस ठेवू नयेत.

अनारशांची गोष्ट अधिक नाजूक आहे. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, उपसून कापडावर सावलीत पसरतात आणि किंचित दमट असतानाच कुटतात. या ‘किंचित’मध्ये सारे आले. त्या ओलाव्यावरच चाळलेले पीठ आणि किसलेला गूळ एकजीव होतात. वरून पाण्याचा थेंबही घालत नाहीत. तांदूळ जास्त ओले राहिले किंवा गूळ अधिक पडला, तर तुपात पिठी धरण्याआधीच गूळ वितळतो आणि अनारसा जाळीऐवजी चुरा होऊन पसरतो, म्हणजेच हसतो. ते पीठ टाकून देऊ नये. त्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून ते एक-दोन दिवस ठेवावे आणि आधी एकच अनारसा तळून पाहावा. उलट पीठ कोरडे होऊन थापताना चिरत असेल, तर पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा त्यात मळावा. थापताना खसखस खाली असते, तुपात सोडताना ती वर यायला हवी. अनारसा उलटायचा नसतो, झाऱ्याने वरून तूप उडवायचे असते.

दुधाचे पदार्थही याच हिशेबात बसतात. म्हशीच्या दुधात शंभरांत सुमारे ८३ भाग पाणी असते. ते थोडे आटवले की बासुंदी. कडेला धरणारी साय पुन्हापुन्हा दुधात सारत आणखी आटवले की रबडी. पार गोळा होईपर्यंत आटवले की खवा. आणि तो खवा तपकिरी होईस्तोवर परतला की साताऱ्याचा कंदी पेढा. श्रीखंडात पाणी आटवण्याऐवजी टांगलेल्या फडक्यातून गाळून काढतात. रसगुल्ला तेवढा उलट वाटेने जातो : छेन्याची, म्हणजे दूध नासवून गाळलेल्या चोथ्याची, गोळी पातळ पाकात उकळून आत रस घेते. घट्ट पाकात घातली, तर तिच्यातलेच पाणी बाहेर ओढले जाते आणि ती आक्रसते. या रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा यांच्यात बराच वाद रंगला. शेवटी २०१७ मध्ये बंगालच्या आणि २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळाले. खाणाऱ्याला दोन्ही चालतात.

गुळाचा प्रश्न मात्र पाण्याने सुटणारा नाही. गुळाला स्वतःची चव आहे आणि पुरणपोळीत मला तोच हवा असतो; परंतु त्यातही मुख्यतः साखरच असते आणि रक्तातील साखर तोही वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांत अशा साखरेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असावा. २,००० उष्मांकांच्या आहारात हे प्रमाण साधारण ५० ग्रॅम होते आणि त्यात गूळही मोजावा लागतो. आपल्याला मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून एवढेही खाऊ नये. पैजा आता दुसऱ्यांना लावू द्याव्यात.

प्रश्न : परगावी शिकणाऱ्या मुलाला दिवाळीचे गोड पाठवायचे आहे. पोहोचायला चार-पाच दिवस लागतात. काय पाठवावे?

उत्तर : बेसनाचे लाडू पाठवावेत. त्यात पाणी मुळी पडतच नाही : बेसन तुपात खमंग भाजायचे, पूर्ण निवल्यावर पिठीसाखर मिसळायची आणि वळायचे. अनारसे आणि पिठीसाखर भुरभुरलेले चिरोटेही टिकतात. फक्त चिरोटे डब्यात उभे रचावेत आणि मधल्या फटींत कागद कोंबावा. ओल्या नारळाच्या वड्या मुलगा घरी येईल तेव्हाच कराव्यात.