पीडीईत आयुष्यभर करतात काय?

तुम्ही एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि विचारताय की आंशिक अवकल समीकरणांची (पीडीई, म्हणजे अनेक चलांच्या फलनाचे बदलाचे दर जोडणारी समीकरणं) उत्तरं बहुतेक वेळा सूत्रात मांडताच येत नाहीत, मग त्या विषयात माणूस आयुष्यभर करतो काय? शिवाय एकट्यानेच खोलीत बसून राहायची भीती वाटते म्हणता. असं विचारणाऱ्यांना मी पीडीईतले गणितज्ञ लुई निरेनबर्ग यांची कारकीर्द वाचायला सांगतो.

जन्म १९२५, कॅनडातलं हॅमिल्टन. १९४५ मध्ये मॅकगिलची पदवी घेतली तेव्हा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. न्यूयॉर्क विद्यापीठातले गणितज्ञ रिखार्ड कूरांट यांची सून ओळखीची होती, तिच्यामार्फत सल्ला विचारला. कूरांटनी सुचवलं, आधी न्यूयॉर्कला येऊन गणितात मास्टर्स कर. ते गेले आणि तिथलेच झाले. १९४९ च्या पीएच.डी.त त्यांनी गणितज्ञ हर्मान वाइल यांचा भूमितीतला एक अपुरा राहिलेला प्रश्न पीडीईच्या वाटेने पुरा केला.

पीडीईतलं त्यांचं हत्यार एकच, एस्टिमेट, म्हणजे आकाराचा अंदाज. उत्तर हाती नसतं, पण ते असेलच तर किती मोठं होऊ शकतं, त्याचे विकलज (बदलाचे दर) किती बेफाम वाढतील, याला आधीच लगाम घालायचा. हा लगाम पक्का बसला की उत्तर अस्तित्वात आहे हे बहुधा त्यातूनच सिद्ध करता येतं. असे लगाम असमतांच्या, म्हणजे ‘हे त्याहून मोठं नाही’ अशा विधानांच्या रूपात येतात, म्हणून या विषयात असमतांना एवढा मान. १९८२ मध्ये काफारेली, कोन आणि निरेनबर्ग यांनी द्रवांचा प्रवाह मांडणाऱ्या त्रिमितीतल्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांविषयी दाखवलं की योग्य प्रकारच्या दुर्बल उत्तरात (जे समीकरण बिंदूगणिक नव्हे, सरासरीच्या अर्थाने पाळतं) बिघाडाचे बिंदू असलेच तर इतके विरळ, की स्थळकाळात त्यांची एक वक्ररेषाही भरत नाही. असे बिंदू मुळात तयार होतात का, हा मूळ प्रश्न आजही सुटलेला नाही, तरी हा निकाल मला या विषयातल्या सर्वांत देखण्या निकालांपैकी वाटतो.

आणि एकटेपणाचं म्हणाल तर त्यांचे बहुसंख्य शोधनिबंध जोडीने लिहिलेले आहेत. चाळीसहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे पीएच.डी. केली. गणितातलं २०१५ चं आबेल पारितोषिकही जॉन नॅश यांच्यासोबत विभागून मिळालं.

आपल्याकडे या विषयासाठी बेंगळुरूचं टीआयएफआर सेंटर फॉर ॲप्लिकेबल मॅथेमॅटिक्स नक्की बघा. त्याआधी फंक्शनल ॲनालिसिस आणि सोबोलेव्ह अवकाश (दुर्बल उत्तरं जिथे शोधतात ती फलनांची अवकाशं) नीट करा, घाईने नको. आजच करायचं तर पॉइंकारेची असमता घ्या, जी फलनाच्या आकाराला त्याच्या विकलजांच्या आकाराने लगाम घालते. सीमेवर फलन शून्य असण्याची अट काढली की ती का मोडते, ते स्वतः शोधा. मग प्रदेश अमर्याद करून बघा.