सहलीला अजून अवकाश आहे

डोंबिवलीचे स. वि. यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले चार पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा देते. आपले वय ५६, नोकरी बँकेत आणि वेड शाळेपासून विज्ञानकथांचे. येत्या जानेवारीच्या मध्यावर लग्नाला ३० वर्षे पूर्ण होत असल्यामुळे पत्नीने आपल्या बहिणीच्या कुटुंबाबरोबर मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची पाच रात्रींची सहल ठरवली आहे. तेव्हापासून आपल्याला दुसरे काही सुचत नाही. जहाजाचा नकाशा छापून आपण भिंतीवर लावला, त्याच्या मजल्यांना अवकाशयानातील कक्षांची नावे दिली आणि दोन महिने आधीच ११ पुस्तके बॅगेत भरली. साडू ‘आले का परग्रहवासी’ म्हणून हसतात, ते आपण सोसता. पण गेल्या रविवारी ती बॅग पाहून पत्नी म्हणाल्या, ‘तिथेही पुस्तकातच जाऊन बसायचे होते, तर मी दोघांचे बुकिंग कशाला केले?’ या वयात इतके पोरकट होणे चूक आहे का आणि साडूंना काय सांगावे, असे आपण विचारले आहे.

साडूंना काहीही सांगू नये. साडू हसण्यासाठीच असतात.

पोरकटपणाचे म्हणाल, तर डॉ. जयंत नारळीकर यांची हकिकत आपणास ठाऊक असेलच. जगन्मान्य शास्त्रज्ञ असताना १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांना अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा त्यांनी पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. या हकिकतीत लोकांना टोपणनावाची गंमत वाटते. मला मात्र मंगलाताईंचे ते हस्ताक्षर अधिक मोलाचे वाटते, कारण त्या खोडीत घरचे माणूस सामील होते. आपण आपल्या पत्रात कप्तानाचा कक्ष, निरीक्षणकक्ष आणि इंधनकक्षसुद्धा वर्णिला आहे. त्या यानावर पत्नीची जागा कोणती, हे चार पानांत कुठेही आलेले नाही. त्यांना ही सहल का करावीशी वाटली, हेही आपण विचारलेले दिसत नाही. त्या रविवारच्या बोलण्याचा रोख पुस्तकांवर नव्हता, असे मला वाटते.

शिवाय हा पुस्तकांचा बेत आपल्यासारख्या विज्ञान मानणाऱ्या माणसाला शोभत नाही. जहाज हलत असताना केबिनमध्ये वाचत बसले की डोळे मेंदूला सांगतात, सर्व स्थिर आहे, आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते, आपण हेलकावे खात आहोत. या विसंवादातूनच बोट लागते. मी लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने आजोळी जात असे. एकदा हट्टाने गोष्टीचे पुस्तक घेऊन आत बसले आणि बंदर येईपर्यंत मान वर करू शकले नाही. शेवटी मला किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात अक्षरशः उचलून ठेवावे लागले. आजची जहाजे प्रचंड आणि स्थिर असतात आणि जानेवारीत अरबी समुद्रही बहुधा शांत असतो, हे खरे. तरीही बोट लागत असल्यास डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसावे, हा उपाय तेव्हाही होता आणि आजही आहे. म्हणजे समुद्रच आपणास पुस्तक मिटून बाहेर येऊन बसायला सांगणार आहे, आणि त्या वेळी शेजारची खुर्ची रिकामी नसावी.

बाहेर जे आहे, ते आपल्या आवडीचेच आहे. पाण्यापासून ३० मीटर उंचीच्या डेकवर उभे राहिल्यास क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर असते आणि पृथ्वी गोल असल्याचा पुरावा डोळ्यांसमोर दिसतो, कारण दूरच्या जहाजाचा तळ आधी दिसेनासा होतो. जहाज दक्षिणेकडे जात असताना मावळती उजव्या हाताला असेल. हवा अगदी स्वच्छ असली, तर सूर्याची शेवटची कड बुडताना एखाद-दोन सेकंद हिरवी झाक दिसू शकते. दिसेलच, असे आश्वासन पत्नीला देऊ नका. दोघांनी मिळून वाट पाहण्यात जे आहे, ते पुरेसे आहे.

खरी गंमत रात्रीची. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका उंच दिसतो, तितके त्या ठिकाणाचे अक्षांश असतात. मुंबईत तो १९ अंशांवर असतो आणि लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाजवळ ११ अंशांच्या आसपास. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश मापते. सुटण्याच्या रात्री आपण दोघांनी मुठीने ध्रुवाची उंची मोजावी आणि पुढे रोज मोजत जावे. तो जवळजवळ एक मूठ खाली आलेला पाहताना, आपण पृथ्वीच्या गोलावरून किती उतरलो, हे कोणत्याही यंत्राविना कळेल. उलट दक्षिणेचा अगस्त्य हा तारा मुंबईहून अधिक उंच, सुमारे २६ अंशांपर्यंत चढलेला दिसेल. जानेवारीच्या मध्यावर त्यासाठी रात्री अकरा-साडेअकरापर्यंत जागावे लागेल. डेकवर दिवे फार असतात, म्हणून आधी अंधारा कोपरा हेरून ठेवा आणि त्या दिवसांत चंद्र किती वाजेपर्यंत आहे, हे कालनिर्णयात पाहून घ्या. अगत्तीला मोठे जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात; यानातून उतरून अनोळखी भूमीवर पाय ठेवण्याची आपली हौस तिथे पुरेपूर भागेल, आणि साडूही त्याच बोटीत असतील.

फोनविषयी आपण ओझरते विचारले आहे. किनारा सुटला की नेहमीचे नेटवर्क थोड्याच वेळात जाते आणि जहाजावरील रोमिंगचे दर कंबरडे मोडणारे असू शकतात, म्हणून फोन विमान मोडवर ठेवावा. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्यापूर्वीच घ्यावी.

प्रवासाला अजून अवकाश आहे. भिंतीवरचा नकाशा काढू नका. त्यावरील एका मजल्याचे नाव खोडा आणि तिथे काय लिहायचे, ते पत्नीला ठरवू द्या. त्यांनी ‘इथे फक्त चहा’ असे लिहिले, तरी ते मान्य करा. पुस्तके दोन ठेवा. उरलेली नऊ बॅगेतून काढताना मात्र पत्नी घरात असतील अशी वेळ निवडा.

आपली,
ताई