बॉल आणतो, पण देत नाही!

प्रश्न: आमचा लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा) ८ महिन्यांचा आहे, बॉल फेकला की सुसाट जातो, उचलतो आणि थेट सोफ्यामागे, आपण गेलो की अजूनच पळतो. काय करू?

उत्तर: अहो, तुम्ही मागे धावता हाच त्याचा खेळ झालाय! लॅब ही जात मुळात शिकारीत पडलेला पक्षी आणून द्यायलाच तयार केलेली, उचलणं त्याला शिकवावं लागत नाही, सोडणं शिकवावं लागतं. आधी फेकाफेकी बंद. बॉल तोंडात असताना उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा नाकाशी धरा, तोंड उघडलं की त्याच क्षणी "दे" म्हणा, तुकडा द्या आणि (हे लोक विसरतात) बॉलही लगेच परत द्या, म्हणजे दिलं की गेलं असं त्याला वाटत नाही. हे जमलं की घरातल्या पॅसेजमध्ये २-३ फुटांवर टाका, बाजूला पळायला जागाच नको, आणि तो वळला की तुम्ही उलटे मागे सरका, येतोच. ओढाताण अजिबात नको. ५ मिनिटं पुरे, कंटाळायच्या आत थांबवा. आणि हो, काठी फेकू नका, घशात टोचते.