सॉफ्ट प्लास्टिकसाठी स्पिनिंग रॉड: आधी हुक ठरवा, मग रॉड

तुमचा प्रश्न वाचला. मालवणला लहानपणापासून गरवायची सवय, आता डॅलसला आलाय, इथल्या तळ्यांवर काठावरून सॉफ्ट प्लास्टिक (मऊ प्लास्टिकचे खोटे किडे-गांडूळ) टाकून लार्जमाउथ बॅस हा गोड्या पाण्यातला मासा धरायचाय, रॉड-रील मिळून दीडशे डॉलरची तयारी आहे आणि दुकानात मीडियम हेवी रॉड घ्या म्हणून सांगितलंय. माझं सरळ मत: मीडियम हेवी नको. ७ फुटी, मीडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन घ्या. का ते नीट सांगतो, म्हणजे पुढचा रॉड तुम्ही कुणाला न विचारता घ्याल.

सगळा खेळ हुकचा आहे. रिग म्हणजे हुक, प्लास्टिक आणि वजन जोडायची पद्धत. वॅकी रिग (हुक गांडुळाच्या मध्यावर), नेड रिग (वजनदार डोक्याच्या छोट्या हुकवर, म्हणजे जिग हेडवर, आखूड तुकडा), ड्रॉप शॉट (वजन खाली, हुक त्याच्या वर), यात हुक बारीक तारेचा असतो आणि टोक बहुतेक वेळा उघडंच असतं. इथे झटका मारायचाच नाही, मासा लागला की लाइन ताणून रील फिरवत राहायचं, रॉड वाकतो आणि हुक जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. ताठ रॉडने खसकन ओढलंत तर एकतर हुक उघडतो नाहीतर माशाचं तोंड फाटून तो सुटतो. टेक्सस रिगचं उलटं आहे. तिथे टोक प्लास्टिकच्या आत लपवलेलं असतं, त्यामुळे गवतात, बुडालेल्या फांद्यांत ते अडकत नाही, पण मासा लागायला तेच टोक आधी प्लास्टिक फाडून बाहेर यायला हवं आणि मग कडक जबड्यात शिरायला हवं, आणि त्याला रॉडच्या खालच्या भागात जोर लागतो. मीडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शनमध्ये शेंडा नरम आणि खाली जोर, दोन्ही मिळतं. फक्त नेड आणि ड्रॉप शॉटच करणार असाल तर मीडियम लाइट जास्त मजा देतो, पण पहिला आणि एकच रॉड असेल तर मीडियमच.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट वरच्या भागात वाकतो, स्लो मुठीपर्यंत. पण एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या मीडियम लाइटसारखा निघू शकतो, म्हणून नावावर जाऊ नका, मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरात ल्युअरचं (खोट्या आमिषाचं) वजन छापलेलं असतं ते वाचा. तुम्हाला १/८ ते ५/८ औंसच्या आसपासचा हवा, म्हणजे साधारण साडेतीन ते अठरा ग्रॅम. पाच इंची सेंको वर्म, म्हणजे मीठ भरलेलं प्लास्टिकचं गांडूळ, तो एकटाच नऊ-दहा ग्रॅम भरतो, त्यामुळे वॅकीला वेगळं वजन न लावताही लांब जातो. नेडचं १/१० औंसचं जिग हेड मात्र जाड रॉडवरून फेकून बघा, रॉड वाकतच नाही आणि ल्युअर पायापुढेच पडतो.

आता समुद्रावरच्या सवयीबद्दल. कोळंबी लावून तळाला सोडली की मासा चव घेतो, ओढतो, आपल्याला वेळ मिळतो. बॅस प्लास्टिक पाण्यासकट आत ओढून घेतो आणि खोटं वाटलं की लगेच थुंकतो. आणि बरेचदा हे सगळं ल्युअर खाली बुडत असताना होतं, हाताला फक्त एक बारीक 'टुक' लागतो, किंवा तेही नाही, सैल लाइन हळूच बाजूला सरकायला लागते. म्हणून ग्रॅफाइटचा हलका रॉड घ्या. फायबरग्लास दणकट असतो, मुलांना द्यायला उत्तम, पण हा टुक तो गिळून टाकतो. रॉडइतकंच लाइनचंही आहे, साधी मोनो (एकाच धाग्याची नायलॉन लाइन) ताणली जाते. १० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि पुढे सहा-सात फूट ८ पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे हुककडचा लाइनचा तुकडा, डबल युनी गाठीने जोडलेला. कास्ट झाली की बेल (रीलवरची लाइन अडवणारी तारेची कडी) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, वॅकीने लाइनला आधीच पीळ पडत असतो.

पैशाचं म्हणाल तर रॉडला ८०-९० आणि रीलला ५०-६०, उलटं नको. रील २५०० साइजचं, ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) न अडखळता सुटतो का एवढं बघा. दुकानात रॉडवर रील लावूनच धरा, नुसता रॉड हलवून काही कळत नाही. रीलच्या जरा पुढे एका बोटावर तोलून बघा, शेंडा खाली झुकत असेल तर दिवसभरात मनगट भरून येईल. प्रत्येक गाइडच्या (रॉडवरून लाइन जाते त्या कडीच्या) रिंगच्या आत बोट फिरवा, खरखर लागली तर ती लाइन कापणार. मूठ कॉर्कची की फोमची, तुमची आवड. गाडी लहान असेल तर दोन तुकड्यांचा खुशाल घ्या, टेलिस्कोपिक घेऊ नका.

मोठा मासा लागला तर मीडियम मोडेल ही भीती सोडा. टेक्सासचा रेकॉर्ड बॅस, १८.१८ पौंडाचा, १९९२ मध्ये लेक फोर्कवर मिळाला तो क्रॅपी या लहान माशासाठी बसलेल्या माणसाला. ड्रॅग बरोबर लावला की रॉड वाचतो. पण म्हणून अगदी अल्ट्रालाइटही नको, उन्हाळ्यात इथलं पाणी तापतं, मासा खूप वेळ खेळवला की दमतो आणि सोडल्यावरही जगेलच असं नाही, आणि लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांच्या मधला बॅस सोडावाच लागतो.

लायसन्स १७ वर्षांपासून लागतं. स्टेट पार्कच्या आत काठावरून मात्र लागत नाही, तेव्हा रॉड घेतला की आधी तिथेच जा आणि वॅकीने सुरुवात करा, टेक्सस रिग दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. दाट गवतात, हायड्रिला या पाणवनस्पतीत घुसायचं झालं तर त्याला बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, जाड लाइनचं रील) लागेल, त्याला वेगळा रॉड, त्याचं काम या रॉडकडून करून घेऊ नका.